उत्तर : सर्वेक्षणाच्या जुन्या यादीतील रेखांशातून २ मिनिटे २७ सेकंद वजा करून पाहा

‘यादीतील अक्षांश-रेखांश जीपीएसमध्ये भरले, तर बिंदू सोयाबीनच्या सपाट शेतात येतो, तीन फेऱ्या झाल्या, खांबाचा मागमूस नाही, आणि गावात कोणालाच काही ठाऊक नाही’ असे आपण लिहिले आहे. हे वाचून मला असेच एक स्थानक शोधण्यात घालवलेले माझे दोन हिवाळे आठवले. आपली यादी एकोणिसाव्या शतकातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची, म्हणजे बिंदूंचे त्रिकोण मोजून देशाचा नकाशा करण्याच्या कामाची आहे, असे आपण म्हणता. तसे असेल, तर बुलढाणा जिल्ह्यातील आपले स्थानक (म्हणजे त्या मोजणीसाठी खूण करून ठेवलेला बिंदू) नष्ट झाले असे इतक्यात मानू नका. माझ्या अंदाजाने आपण त्याच्या पूर्वेला सव्वाचार किलोमीटर उभे आहात.

कारण असे. हे सर्वेक्षण विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासहून सुरू केले आणि सगळे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून मोजले गेले. त्या वेधशाळेचा रेखांश ८० अंश १७ मिनिटे २१ सेकंद धरलेला होता. पुढे तारायंत्रामुळे दूरदूरच्या वेळांची नेमकी तुलना करता येऊ लागली, तेव्हा तो ८० अंश १४ मिनिटे ५४ सेकंद असल्याचे निश्चित झाले. मूळच चुकल्यामुळे सगळी मापे सारखीच सरकली होती. दोन टेकड्यांमधले अंतर बरोबर, पण सगळा देश पूर्वेकडे ढकललेला, असा तो प्रकार होता. जुन्या नकाशांच्या तळाशी बारीक अक्षरांत ही दुरुस्ती छापलेली असते; याद्यांच्या सुट्या पानांच्या छायाप्रतींवर मात्र ती येत नाही. ही वजाबाकी केल्यावरही शंभर-दीडशे मीटरचा फरक उरतो, कारण त्या गणितात पृथ्वीचा जो आकार धरला होता तो आजच्या जीपीएसने धरलेल्या आकाराहून वेगळा आहे. तेवढा फरक पायांनी शोधायचा. सुधारलेल्या बिंदूच्या जवळचा सर्वांत उंच माथा गाठावा, हे उत्तम.

माझी घोडचूक मात्र केवळ गणिताची नव्हती. माझा बिंदू बाजरीच्या शेतात, कालव्याच्या कडेला येत होता आणि यादीतील उंची त्या शेताच्या उंचीपेक्षा कितीतरी शे फूट जास्त होती. एवढे समोर दिसत असताना मी असा निष्कर्ष काढला की कालव्याच्या खोदकामात स्थानक गेले. वहीत ‘नष्ट’ असा शेरा लिहिला आणि चार जणांना तसे सांगितलेही. त्याच यादीत स्थानकाचे वर्णन होते, त्यात आजूबाजूच्या गावांची नावे, दिशा आणि मैलांतील अंतरे दिलेली होती. पण साहेबी स्पेलिंगमध्ये गावांची नावे ओळखू येईनात म्हणून मी तो परिच्छेद सोडून दिला होता. ती नावे मोठ्याने वाचली की बहुतेक उलगडतात. आज माझे ठाम मत असे आहे की आधी ही गावे नकाशावर मांडावीत, आणि आकड्यांकडे नंतर वळावे. मी तज्ज्ञ नाही, हौशी माणूस आहे, हे ध्यानात घेऊनच हे मत घ्यावे.

मधल्या काळात मी एका सरकारी कार्यालयात अर्जही केला होता. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण तेथील माणसे आता बदलली असतील. या खुणेची नोंद किंवा रेखाचित्र उपलब्ध आहे काय, एवढाच माझा प्रश्न होता. पहिल्या खेपेला मला आवक शाखेतून दुसऱ्या मजल्यावर आणि तेथून पुन्हा आवक शाखेत पाठवण्यात आले. सात महिन्यांनी लेखी उत्तर आले : आपला मोजणीचा अर्ज अपूर्ण आहे, सातबारा उतारा व लगतच्या खातेदारांची नावे जोडावीत. ज्या जमिनीशी माझा काडीचा संबंध नव्हता, तिच्या मोजणीचा अर्जदार मी ठरलो होतो! शिवाय अर्जात मी गावही चुकीचे लिहिले होते, त्यामुळे त्यांना सर्वस्वी दोष देणेही मला जमत नाही. अशा अर्जाच्या भरवशावर शोध थांबवू नये, इतकेच सांगतो.

तिसऱ्या वर्षी २ मिनिटे २७ सेकंदांची गोष्ट कळली आणि मी पश्चिमेच्या टेकडीवर गेलो. ही टेकडी मी प्रत्येक फेरीत कालव्यावर बसून डबा खाताना पाहत होतो. माथ्यावर दगडमातीचा चौथरा होता आणि मधोमध कमरेएवढा ताजा खड्डा. वर आलेल्या मेंढपाळ बाबांनी सांगितले की ‘साहेबाच्या ओट्या’खाली हंडा आहे अशा समजुतीने कोणीतरी मागच्याच अमावास्येला तो खणला होता. वरचा खुणेचा दगड दुभंगून बाजूला पडला होता. या स्थानकांत एकाखाली एक, ओळंब्यात, अनेक खुणा ठेवण्याची पद्धत होती. म्हणून मी खड्ड्याच्या तळाशी उतरलो. तेथे मूळ खडकावर तळहाताएवढे वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी टिंब शाबूत होते. बाटलीतले पाणी शिंपडले, तेव्हा कोरलेली रेघ काळी पडून स्पष्ट दिसली. त्या पानावर मी ‘नष्ट’ लिहिले नसते, तर कदाचित दोन वर्षे आधी पोहोचलो असतो. ही रुखरुख अजून जात नाही.

हंड्यासाठी अशी खणाखणी होते, म्हणूनच नेमकी जागा सर्वांसमक्ष लिहू नये, आणि गावात विचारताना ‘इंग्रजांची खूण’ हा शब्द वापरू नये, कारण त्यातून लगेच गुप्तधनाचा विषय निघतो. ‘डोंगरावर जुना ओटा किंवा चौथरा आहे का’ असे विचारावे, तेही जनावरे चारणाऱ्या वयस्कर माणसांना. दगडाला शेंदूर लावलेला असेल, तर तो देव झाला असे समजून हात जोडावेत, खरवडू नये. दगड उलटून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण आपल्याकडे त्याखाली फुरसे असण्याची शक्यता खरी आहे. दिवाळीनंतर गवत वाळले की जावे. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव रेघ चटकन उठून दिसते.

थोडे विषयांतर : येथे अनेकजण मैलाच्या दगडांची छायाचित्रे ‘सर्वेक्षणाची खूण सापडली’ म्हणून टाकतात. मैलाचा दगड रस्त्याचे अंतर सांगतो, तलचिन्ह समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते आणि आपण शोधतो आहोत ते त्रिकोणमितीय स्थानक तिसरेच. विदर्भातच फिरणार असाल, तर हिंगणघाटलाही जाऊन या. लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी तेथेच वारला आणि त्याची कबर तेथे आहे.

आता कृपया यादीतील उंचीचा आकडा आणि वर्णनातील गावांची नावे, जशी छापली आहेत तशी, मला निरोपातून पाठवा. उंची फुटांत असेल. आपल्या शेताच्या पश्चिमेला त्या उंचीची टेकडी आहे का, ते दोघे मिळून नकाशावर पाहू.