लाल अंबाडी छातीएवढी वाढली, पण एकही कळी नाही. खत कमी पडतंय का?

नाही, खत मुळीच घालू नका. जूनमध्ये पेरलेल्या अंबाडीला सप्टेंबरच्या मध्यात कळी नसणं अगदी रीतसर आहे. तिला फूल धरायला लांब रात्र लागते. आपल्याकडे सप्टेंबर सरताना दिवस बारा तासांवर येतो, त्यानंतर कळ्या दिसायला लागतात. आता युरिया दिलात तर नुसता पाला माजेल.

एक मात्र बघा, कुंडीवर रात्रभर दिव्याचा उजेड पडतो का? माझ्या दोन कुंड्यांपैकी गच्चीतल्या अंधारातलीला दिवाळीत बोंडं लागली होती. जिन्याच्या दिव्याखालची तेव्हाही नुसती हिरवीगार. जागा बदलल्यावर तीही फुलली.

शेंडे आता खुडू नका. ते ऑगस्टात करायचं, रोप गुडघ्याएवढं असताना. फांद्या फुटतात आणि खुडलेल्या पाल्याची भाजी होते. पाला उकडून पाणी पिळून टाकायचं, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवायचा, वरून लसणाची सढळ फोडणी. गरम भाकरीबरोबर मला तरी याहून चांगलं काही लागत नाही.

फूल फिकट पिवळं, मधोमध गडद तांबडं, एका दिवसात मिटणारं. ते तोडू नका. आपल्याला हवं ते त्याच्या बुडाचं लाल, मांसल बोंड. फूल गळल्यावर दोन-तीन आठवड्यांत ते टपोरतं. रसरशीत आहे तोवर काढा, उशीर झाला की चिवट होतं. बुडाशी आडवा काप देऊन आतली बियांची हिरवी गाठ बाहेर ढकला. तिच्यावरची बारीक कुसं बोटांत शिरतात, तेव्हा जपून.

सरबताला बोंडाच्या वाटीभर लाल पाकळ्या चार वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा, चवीला साखर आणि चिमूटभर मीठ. भांडं स्टीलचंच घ्या. इतक्या आंबट रसाला ॲल्युमिनियम किंवा पितळ नको. चोथा टाकू नका. लसूण, हिरवी मिरची, गूळ घालून वाटला की झकास चटणी होते. घरात कुणाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे सरबत रोज देण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो.

आणि सगळी बोंडं काढू नका. चार-पाच झाडावरच वाळू द्या, पुढच्या जूनला बी घरचंच होईल.