वाचक विचारतात : खटले मोजायचे, पण कोणते?

या वेळची बरीच पत्रे कायदा आणि सामाजिक शास्त्रे यांच्या सीमेवर, आकडेवारी घेऊन काम करणाऱ्या रिसर्च फेलोंची किंवा त्या वाटेला लागलेल्यांची आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझे शिक्षण कायद्याचे. गणित शाळेनंतर सुटले. अशा फेलोशिपसाठी अर्ज करावा का? दिवसभर नेमके काय काम असते?

उत्तर : जरूर करावा. या कामातला बहुतेक वेळ किचकट सूत्रांत जात नाही. निकालपत्रे वाचून त्यातली माहिती रकान्यांत भरणे, भरलेली तपासणे, तीन तऱ्हांनी लिहिलेले एकाच पक्षकाराचे नाव जुळवणे, स्कॅन केलेल्या पानावर संगणकाने ३ चा ८ वाचला आहे का ते पाहणे, यात आठवडे जातात. ‘अपील अंशतः मंजूर’ या शब्दांमागे शिक्षा घटली आहे की फक्त दंडाची रक्कम बदलली आहे, हे ओळखायला कायदाच लागतो. आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकाची भाषा मात्र शिकून घ्या. रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसऱ्या गोष्टींशी असलेला संबंध आकड्यांत मांडणारी पद्धत) चालवता येण्यापेक्षा त्याचा तक्ता वाचता येणे अधिक महत्त्वाचे.

अर्जासोबत छोटा नमुना जोडता आला तर उत्तम : एकाच प्रकारची शंभरेक निकालपत्रे, पाच-सहा रकाने, प्रत्येक रकान्याची व्याख्या आणि दोन पानांचे निष्कर्ष. मूळ फाईलला कधीही हात लावू नका. दुरुस्ती करायची ती स्क्रिप्टमधून, संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांतून, म्हणजे कोणता आकडा कधी आणि का बदलला हे सहा महिन्यांनी सांगता येते. स्प्रेडशीटमध्ये हाताने केलेली दुरुस्ती मागे खूण ठेवत नाही.

प्रश्न : आमच्याकडे १२०० निकालपत्रे आहेत. दोन सहायकांनी त्यांचे कोडिंग केले, म्हणजे प्रत्येक निकाल ठरलेल्या वर्गांपैकी एकात टाकला, आणि ९० टक्के ठिकाणी दोघांचे उत्तर सारखे आले. तरी मार्गदर्शक म्हणतात, हे पुरेसे नाही. का?

उत्तर : मार्गदर्शकांचे बरोबर आहे. १०० निकालपत्रे धरा. दोघेही प्रत्येकी ९० अपिले ‘फेटाळले’ आणि १० ‘मंजूर’ असे नोंदवतात. त्यांपैकी ८५ ठिकाणी दोघांचेही ‘फेटाळले’, ५ ठिकाणी दोघांचेही ‘मंजूर’, उरलेल्या १० ठिकाणी मतभेद. सहमती ९० टक्के. पण याच प्रमाणात दोघांनी डोळे मिटून शिक्के मारले असते तरी ०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१, म्हणजे ८२ टक्के ठिकाणी त्यांचे जुळलेच असते. योगायोगाने मिळणारी ही सहमती वजा करणारे माप म्हणजे कोहेनचा कप्पा. (ग्रीक अक्षराचे नाव, कपाटातल्या कप्प्याशी संबंध नाही.) इथे तो (०.९० − ०.८२) ÷ ०.१८, म्हणजे ०.४४ येतो. ०.८ च्या वर असेल तर निर्धास्त राहावे, ०.६ च्या खाली असेल तर थांबावे, असा ढोबळ संकेत आहे. मंजूर झालेली अपिले हाच तुमचा विषय असेल तर पाहा : दोघांपैकी एकाने तरी ‘मंजूर’ म्हटलेली प्रकरणे १५ आणि दोघांचे एकमत फक्त ५ वर.

दोष बहुधा सहायकांचा नसतो, कोडबुकचा, म्हणजे वर्गांच्या व्याख्या लिहिलेल्या नियमपुस्तिकेचा असतो. ‘मंजूर’ची व्याख्या एका ओळीत लिहिलेली असते आणि फेरसुनावणीसाठी परत पाठवलेले प्रकरण कुठे टाकायचे ते कुणीच ठरवलेले नसते. म्हणून आधी ५० निकालपत्रे दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे न पाहता कोड करावीत. जिथे फरक पडला तिथे बसून कारण शोधावे, नियम लिहावा आणि मग नवी ५० घ्यावीत. त्याच जुन्या ५० वर पुन्हा चाचणी घेतली तर कप्पा फुगतो, कारण उत्तरे आता पाठ झालेली असतात. ‘माहिती नाही’ आणि ‘लागू नाही’ यांना वेगळे संकेत द्या. रिकामा रकाना म्हणजे नेमके काय, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

प्रश्न : ही १२०० प्रकरणे २० न्यायाधीशांकडची, प्रत्येकी ६० आहेत. नमुना भरपूर मोठा म्हणावा ना?

उत्तर : दिसतो तेवढा नाही. एकाच न्यायाधीशाचे निकाल एकमेकांसारखे असतात. हे साम्य मोजणारा सहसंबंध समजा अवघा ०.०५ असेल, तरी १ + (६० − १) × ०.०५ म्हणजे ३.९५ ने भागावे लागते. अंदाजाच्या अचूकतेपुरती तुमची १२०० प्रकरणे जेमतेम ३०४ स्वतंत्र प्रकरणांइतकी भरतात. त्याच न्यायाधीशांची आणखी प्रकरणे घेण्यापेक्षा न्यायाधीश वाढवा. आणि प्रमाणत्रुटी (अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो याचे माप) न्यायाधीशनिहाय गट करून काढा.

प्रश्न : खटला निकाली निघायला सरासरी किती काळ लागतो हे काढायचे आहे. निकाली निघालेल्या खटल्यांच्या तारखा आहेत. वजाबाकी केली की झाले?

उत्तर : या क्षेत्रात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच असावी. गेल्या ३ वर्षांत दाखल होऊन निकाली निघालेले खटलेच घेतले, तर तुमच्या यादीत ३ वर्षांहून जास्त चाललेला एकही खटला असू शकत नाही. रेंगाळणारे खटले अजून प्रलंबित आहेत, म्हणून ते यादीत नाहीत. आणि नेमके तेच नसल्याने सरासरी देखणी दिसते. उलट, एखाद्या दिवशी प्रलंबित असलेल्या खटल्यांचे वय मोजले तर लांबलेले खटले जास्त सापडतात, कारण महिनाभरात मिटलेला खटला त्या दिवशी हाती लागण्याची शक्यताच कमी.

उपाय असा : ठरावीक काळात दाखल झालेले सगळे खटले घ्या, निकाली आणि प्रलंबित दोन्ही. प्रलंबितांपुढे ‘इतक्या दिवसांपर्यंत निकाल नाही’ अशी नोंद करा आणि अशा अपुऱ्या नोंदीही हिशेबात धरणारी कॅप्लन-मायर पद्धत वापरा. ती १९५८ पासून वैद्यकीय अभ्यासांत मुरलेली आहे. सरासरीऐवजी मध्यक द्या : निम्मे खटले किती दिवसांत मिटले. तडजोड, माघार आणि गुणवत्तेवर दिलेला निकाल हे तीन वेगळे शेवट आहेत, त्यांना एका रकान्यात कोंबू नका.

प्रश्न : न्यायाधीश भुकेले असताना कडक निकाल देतात, असे संशोधन प्रसिद्ध आहे. आम्हीही तारीख-वेळ पाहून तसे काही शोधावे का?

उत्तर : शोधा, पण त्या अभ्यासाची पुढची गोष्ट वाचून. २०११ मध्ये इस्रायलमधल्या पॅरोलच्या १११२ निर्णयांवर तो प्रसिद्ध झाला. सत्राच्या सुरुवातीला अनुकूल निर्णय सुमारे ६५ टक्के, सत्र संपताना जवळपास शून्य, आणि खाण्याच्या सुट्टीनंतर पुन्हा ६५. त्याच वर्षी आक्षेप आला की प्रकरणांचा क्रम यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरावा तसा, नव्हताच. एका तुरुंगातली प्रकरणे सहसा सुट्टीआधी संपवली जात आणि वकील नसलेले कैदी शेवटी येत. वकील नसलेल्यांचे अर्ज एरवीही कमी मंजूर होतात. मूळ संशोधकांनी आपला निष्कर्ष सोडला नाही आणि वाद चालू राहिला. तुमच्यासाठी अर्थ एवढाच : प्रकरणांची यादी कोण लावतो, कोणत्या नियमाने लावतो, हे मॉडेलला हात घालण्याआधी कार्यालयीन कारकुनाला विचारा. संगणकातल्या कोणत्याही रकान्यात ते लिहिलेले नसते.

प्रश्न : मुलाखतींमधली नावे काढून टाकली, म्हणजे गोपनीयता झाली ना?

उत्तर : नाही. खटल्याचा क्रमांक, सुनावणीची तारीख, ‘त्या न्यायालयातल्या एकमेव महिला न्यायाधीश’ असा उल्लेख, यांपैकी काहीही पुरते. नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या, कुलूपबंद ठिकाणी ठेवा. संमतिपत्रात मुलाखत कधीपर्यंत मागे घेता येईल याची तारीख लिहा, नाहीतर प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात पंचाईत होते. वेळेचा हिशेबही आधीच धरा : तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचे लेखन करायला चार ते सहा तास लागतात, आणि यंत्राने केले तरी कायद्याच्या संज्ञा ऐकून दुरुस्त कराव्याच लागतात.

प्रश्न : मी कोडबुक केले, डेटा जमवला. लेखात माझे नाव आभारात येणार म्हणतात.

उत्तर : हे बोलणे पहिल्या महिन्यात व्हायला हवे होते. तरी आत्ता लेखी विचारा : लेखकत्वाचा निकष काय, क्रम कोणता, आणि मुदत संपल्यावर हा डेटा मला वापरता येईल का. वर्गवारी ठरवणे हे बौद्धिक काम आहे, हमाली नव्हे. बरीच नियतकालिके हल्ली प्रत्येकाचे योगदान भूमिकेनुसार नोंदवून मागतात. तो तक्ता तुम्ही स्वतःच भरून पुढे करा. कोऱ्या कागदापेक्षा भरलेल्या कागदावर चर्चा लवकर उरकते.