कारकीर्द एक, कार्यकाळ अनेक

प्रश्न असा आहे: महाराष्ट्रातल्या आमदारांचे छोटे परिचय लिहायचे आहेत. त्यात ‘त्यांच्या आमदारकीच्या तीन कारकिर्दी झाल्या असून त्यांची पार्श्वभूमी शिक्षकाची आहे’ हे वाक्य चालेल का, की ‘कारकीर्द’ काढून ‘कार्यकाळ’ घालावा?

माझ्या मते ‘कारकिर्दी’ आणि ‘पार्श्वभूमी’ हे दोन्ही शब्द बदलावेत. कारणे मात्र निरनिराळी आहेत.

‘कारकीर्द’ फारसीतून आला. ‘कार’ म्हणजे काम, ‘कर्द’ म्हणजे केले. मराठीत तो राज्यकर्त्याच्या अंमलासाठी रुळला. थोरल्या माधवरावांची कारकीर्द १७६१ ते १७७२, म्हणजे त्यांची अमदानी. माणसाने एखाद्या क्षेत्रात केलेली सगळी वाटचाल हा अर्थ पुढचा, आणि खेळाडू, गायक, वकील यांच्या बाबतीत आज तोच मनात येतो. राजकारणात मात्र दोन्ही अर्थ नांदतात. ‘वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत १९७२चा दुष्काळ पडला’ म्हटले की ते मुख्यमंत्री असतानाचा, १९६३ ते १९७५ मधला काळ समजतो. ‘नाईकांची राजकीय कारकीर्द पुसदच्या नगराध्यक्षपदापासून आकाराला आली’ या वाक्यात मात्र सगळी वाटचाल आली.

पहिल्या, म्हणजे अंमलाच्या अर्थाने अनेकवचन अगदी बिनचूक आहे. विलासराव देशमुख १९९९ ते २००३ आणि पुन्हा २००४ ते २००८ असे मुख्यमंत्री होते. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या दोन कारकिर्दी झाल्या, असे खुशाल लिहावे. आमदार सभागृहाचा सदस्य असतो, त्याचा अंमल नसतो. त्यामुळे त्याच्यासाठी दुसरा अर्थच उरतो, आणि त्या अर्थाने कारकीर्द माणसागणिक एकच. गणपतराव देशमुख यांचे उदाहरण घ्या. शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते सांगोल्यातून १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले आणि पुढे एकूण ११ वेळा आमदार झाले. मध्ये १९७२ आणि १९९५ मध्ये हरलेही. त्या पराभवांनी कार्यकाळ तुटले, पण कारकीर्द तुटली नाही. हरल्यानंतरची मतदारसंघातली वर्षेही कारकिर्दीतच मोजायची. ‘अकरा कारकिर्दी’ म्हटले की नेमकी ती वर्षे पुसली जातात, आणि मला यातली खरी हानी हीच वाटते.

‘कार्यकाळ’ आणि ‘मुदत’ यांतही फरक पाळावा. मुदत कायद्याने ठरते, कार्यकाळ प्रत्यक्षात मिळतो. विधानसभेची मुदत ५ वर्षे. पण १९७८ साली निवडून आलेली विधानसभा १९८० मध्येच बरखास्त झाली, तेव्हा त्या आमदारांचा कार्यकाळ जेमतेम दोन वर्षांचा ठरला. विधान परिषदेचे वेगळे. तिथे सभागृह विसर्जित होत नाही, सदस्याची मुदत ६ वर्षे असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. म्हणून परिषदेच्या सदस्याबद्दल ‘निवृत्त झाले’ लिहिणे योग्य. विधानसभेच्या आमदाराबद्दल तेच लिहिले, तर त्याने राजकारण सोडले असा अर्थ होतो.

‘पार्श्वभूमी’कडे वळतो. हा शब्द एकटा उभा राहत नाही, विशेषण मागतो: ग्रामीण पार्श्वभूमी, राजकीय पार्श्वभूमी. बातम्यांमध्ये त्याच्या मागे ‘गुन्हेगारी’ इतक्या वेळा लागले आहे, की ‘त्यांची पार्श्वभूमी काय?’ या साध्या प्रश्नातही आता संशय ऐकू येतो. शिवाय पार्श्वभूमी शिक्षकाची ‘असते’ म्हणण्यापेक्षा माणूस शिक्षक ‘होता’ म्हणणे सरळ आहे. मराठीत यासाठी किती नेमक्या रीती आहेत! मूळचे शिक्षक, हाडाचे शेतकरी, पिंड कार्यकर्त्याचा, सहकाराच्या मुशीतून आलेले. ‘पेशा’ हा शब्दही जपून वापरावा. वकिली पेशा, शिक्षकी पेशा म्हणतात, शेतीला सहसा पेशा म्हणत नाहीत. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात जे लिहिलेले असते, ते परिचयात ‘व्यवसाय’ म्हणूनच द्यावे.

त्याहून चांगले म्हणजे आधीची पायरी नावानिशी सांगणे. विलासराव बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील १९९० मध्ये आमदार होण्याआधी सांगली जिल्हा परिषदेत होते. ‘स्थानिक स्वराज्य संस्थांची पार्श्वभूमी’ या शब्दांतून यातले काहीच कळत नाही. परिषदेच्या सदस्याचा तर मार्गही सांगायला हवा. तिथल्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघाच्या, ७ पदवीधरांच्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडून द्यायच्या आणि १२ राज्यपालनियुक्त. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर हे कवी नियुक्तीने आले होते. त्यांच्याबद्दल ‘निवडून आले’ लिहिले, तर वाक्य खोटे होते. ‘शिक्षक आमदार’ म्हणजे शिक्षक मतदारसंघाचा आमदार, पूर्वी शिक्षक असलेला आमदार नव्हे, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘मूळचे शिक्षक, विधानसभेवर तीन वेळा निवडून आले.’ ‘आमदारकी’ही मी गाळली आहे. पाटीलकी, देशमुखीच्या वळणावर घडलेला तो शब्द बोलण्यात खणखणीत वाजतो, ‘आमदारकी गेली’, ‘आमदारकी रद्द झाली’ यांत चपखल बसतो. पण परिचयात ‘आमदार म्हणून’ पुरेसे आहे.

लेखनाबद्दल एवढेच: मूळ शब्दात दीर्घ, कारकीर्द, सामान्यरूपात ऱ्हस्व, कारकिर्दीत, कारकिर्दीचा.