‘म्हणून’ या शब्दापाशी थांब

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण वाचले. “महायुद्धात व्हिएतनामी जनतेचे हाल झाले, म्हणून राष्ट्रवाद वाढला,” असे तू लिहिले आहेस. त्यातल्या ‘म्हणून’पाशी तू थांबावेस, एवढ्यासाठी हे पत्र. उपाशी माणूस आधी खंगतो. तो आपोआप बंडाला उठत नाही.

१९४० मध्ये जपानी सैन्य उत्तर व्हिएतनाममध्ये शिरले, तरी कारभार मार्च १९४५ पर्यंत फ्रेंचांकडेच होता; त्यामुळे एकाच शेतकऱ्याच्या मानगुटीवर दोन सत्ता बसल्या. बाजारभावाहून कितीतरी कमी दराने ठरावीक भात त्याला सरकारात घालावे लागे, आणि पीक कमी आले तर तेच भात चढ्या भावाने विकत घेऊन लेव्ही पुरी करावी लागे. काही भागांत भाताच्या जागी ताग आणि एरंड लावायची सक्ती झाली. पुढे १९४४ मध्ये वादळांनी व पुरांनी पीक बुडाले आणि उत्तरेत दुष्काळ पडला. दक्षिणेत तांदूळ होता, पण बॉम्बहल्ल्यांनी वाहतूक मोडली होती. सायगावच्या वीजकेंद्रांत तर कोळशाअभावी भात जाळले जात होते. हे प्रथम वाचले तेव्हा मला पुस्तक मिटून ठेवावे लागले होते. या दुष्काळातल्या मृतांचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. जो आकडा घेशील, तो कोणाचा हे लिही.

आता लेव्हीचे भात साठवलेल्या कोठाराकडे बघ. ज्याने आपले भात स्वतःच्या हाताने मोजून दिले होते, तो ते कुलपाआड पडलेले जाणून होता आणि घरात माणसे मरत होती. परकी सत्ता म्हणजे काय, हे त्याला वेगळे समजवावे लागले नाही. १९४१ मध्ये हो चि मिन्ह यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या व्हिएत मिन्ह या स्वातंत्र्यवादी आघाडीने कोठारे फोडण्याची हाक दिली, आणि जपानने ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती पत्करली तेव्हा या कामातून एकत्र येऊन काम करायची सवय लागलेली माणसे गावोगाव तयार होती. २ सप्टेंबरला हनोईत स्वातंत्र्य जाहीर करताना हो चि मिन्ह यांनी या भूकबळींचा उल्लेख मुद्दाम केला.

याच्या शेजारी १९४३ चा बंगाल ठेवून बघ. तिथेही युद्ध होते, परकी सत्ता होती आणि लाखोंनी माणसे मेली. पण काँग्रेसचे प्रमुख नेते ऑगस्ट १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात बंद होते; व्हिएत मिन्हसारखी हाक द्यायला ते बाहेर नव्हते. हे एकच कारण आहे असे मी म्हणणार नाही, मात्र दोन दुष्काळांतला हा फरक तुझ्या प्रकरणात यायलाच हवा.

पुढचा मसुदा कोठारापासून सुरू कर आणि दिवाळीआधी पाठव.

तुझा,
सर