टीम लीड झालास ना, आता घर आठव जरा

अरे अभिनंदन वगैरे ठीक आहे, पण थोड्या दिवसांत टीममधले दोघं भांडतील आणि दोघंही वेगवेगळे तुझ्याकडेच येतील, तेव्हा तू काय करतोस ते बघ, कारण बऱ्याचदा आपण घरी जे करत आलो तेच करतो. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत आई-बाबांचा अबोला झाला की "बाबांना सांग जेवायला वाढलंय" असे निरोप पोचवणारा मधला पोरगा, तोच आज अंधेरीच्या ऑफिसात सेल्सचं अकाउंट्सला आणि अकाउंट्सचं सेल्सला सांगत फिरतो, वर स्वतःला भारी मॅनेजर समजतो. मरे बोवेन म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होता, 1950च्या दशकात त्याने पेशंटसोबत घरच्यांनाही वॉर्डमध्ये ठेवून अभ्यास केला, त्याचं म्हणणं दोघांतला ताण वाढला की तिसऱ्याला ओढलं जातं, त्रिकोण होतो.

तर तो तिसरा तू होऊ नकोस. "हे तू तिला सांगितलंस का?" एवढंच विचार, नसेल तर दोघांना समोरासमोर बसव आणि तू गप्प बस (हे सगळ्यात अवघड, जीभ वळवळते नुसती).

थोरला, मधला, धाकटा अशी लेबलं मात्र कोणाला लावू नकोस, त्यात फार दम नाही. पण घरात मोठ्यांपुढे तोंड उघडायची सोयच नव्हती असा एखादा मीटिंगमध्ये "हो सर, हो सर" करतो आणि खरं काय ते खाली चहाच्या टपरीवर बोलतो, त्याला सगळ्यांसमोर नको, मीटिंगच्या आधी एकट्याला गाठून विचार.