दीड वर्षाच्या बाळाला जुलाब होत आहेत. दूध-जेवण बंद करावं का?

अजिबात नको. ‘पोटाला आराम द्या’ असं घरातली मोठी माणसं मायेनेच सांगतात, पण खरा धोका अंगातलं पाणी आणि क्षार कमी होण्याचा असतो. अंगावरचं दूध चालू ठेवा. मऊ भात, मुगाची खिचडी, केळं थोडं थोडं भरवत राहा.

औषधाच्या दुकानातून डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सूत्राचं ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायची क्षार-साखरेची पावडर, आणा. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात अख्खं पाकीट विरघळवा, अंदाजाने अर्धं नको. प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या. दुकानातले गोड फळांचे रस म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या साखरेने जुलाब वाढू शकतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मीठ-साखरेच्या द्रावणाने कॉलऱ्याचे कितीतरी रुग्ण वाचवले, त्यामुळे याला किरकोळ समजू नका.

झिंक (जस्ताचं औषध) डॉक्टरांना विचारून द्या. या वयात साधारण रोज २० मिग्रॅ, १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी. मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या मात्र कधीच नकोत.

शीमध्ये रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, बाळ मलूल, पाणीही पोटात टिकत नाही, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.