मृत ज्वालामुखी, आणि केनियाचा शहामृग

प्रश्न : केनिया पर्वताला 'निद्रिस्त ज्वालामुखी' म्हणावे की 'मृत ज्वालामुखी'? दोन्ही वाचनात येते.

उत्तर : मृत. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी ऐकून ऐकून कान किटले. निद्रिस्त ज्वालामुखी पुन्हा जागा होऊ शकतो. केनियाचा मुख्य उद्रेक थांबून 25 लाखांहून अधिक वर्षं लोटली. मूळचं विवरही उरलेलं नाही, हिमनद्यांनी ते खरवडून नेलं. बातियान (5,199 मीटर) आणि नेलियोन (5,188 मीटर) ही जोडशिखरं म्हणजे ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला शिलारस. भोवतालचं झिजलं, हे टणक बूच तेवढं राहिलं.

खरी गंमत पर्वताच्या नावात आहे. पर्वताच्या परिसरातले किकुयू लोक त्याला 'किरिन्यागा' म्हणतात. यातला 'न्यागा' म्हणजे शहामृग! नर शहामृग डोळ्यांपुढे आणा : अंग काळं कुळकुळीत, पंखांच्या टोकांना आणि शेपटीला पांढरी पिसं. काळ्या कातळावर बर्फाचे पट्टे असलेल्या शिखराला याहून नेमकं नाव कोणतं? शेजारच्या कांबा लोकांच्या तोंडी ते 'कीन्या' झालं. जर्मन मिशनरी क्राप्फ यांनी 1849 साली कितुईहून हा पर्वत पाहिला आणि कांबांकडून ऐकलेलं नाव 'केनिया' असं टिपलं. पुढे 1920 मध्ये अख्ख्या ब्रिटिश वसाहतीला तेच नाव मिळालं.

'केनिया म्हणजे देवाचा पर्वत' असं ठोकून देणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. न्गाई हा देव तिथे राहतो ही किकुयूंची श्रद्धा खरी. घरांची दारंही ते पर्वताकडे तोंड करून ठेवत. पण श्रद्धा म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. आळंदीला ज्ञानेश्वरांची समाधी आहे, म्हणून 'आळंदी'चा अर्थ 'समाधी' होत नाही! 'शुभ्र पर्वत' हा अर्थ सांगणारे तर मसाई भाषेतल्या वेगळ्याच नावाचा अर्थ इथे आणून चिकटवतात. शेजारचे एंबू लोक पर्वताला जे नाव देतात त्याचा अर्थ 'तेजाचा पर्वत' सांगितला जातो, तो पक्ष निदान विचारात घेण्याजोगा आहे. तरी माझं मत शहामृगालाच.

मसाईंचा संबंध शिखरांच्या नावांशी आहे. 1899 मध्ये बातियानवर प्रथम चढलेल्या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ मॅकिंडर यांनी मसाई धर्मप्रमुखांची नावं शिखरांना दिली.

आणि कृपा करून 'माउंट केनिया पर्वत' लिहू नका. माउंट म्हणजेच पर्वत.